फॉर्मवर 'अजिबात भीती नाही' लिहिलं आणि खुर्चीतून उठून पळून आले

पत्र (थोडं कमी करून देतेय):

"डॉक्टर मॅडम, मी ४४ वर्षांची, सातारा जिल्ह्यात हायस्कूलला मराठी शिकवते. डावीकडची खालची दाढ दोन महिने ठणकतेय, रात्री गोळी घेतल्याशिवाय झोप लागत नाही. शेवटी मिस्टरांनी एका नव्या क्लिनिकमध्ये नेलं. रिसेप्शनवरच्या मुलीने पॅडला लावलेला एक कागद हातात दिला, त्यात पाच प्रश्न, दाताच्या डॉक्टरची किती भीती वाटते याचे. शेजारी माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई बसलेली आणि ती वाकून बघत होती. मी पाचही ठिकाणी 'अजिबात नाही'वर टिक केली. आत गेले, डॉक्टरांनी सुई हातात घेतली आणि मला काय झालं मला माहीत नाही, मी त्यांचा हातच धरला, मग उठले आणि चपला तिथेच टाकून अनवाणी बाहेर आले. मी नऊ वर्षांची असताना एकाने दाढ काढली होती तेव्हा वडिलांनी डोकं आणि कंपाउंडरने हात धरून ठेवले होते, तेव्हापासून त्या दवाखान्यासारखा वास जरी आला तरी पोटात गोळा येतो. मिस्टर म्हणतात दोन बाळंतपणं काढलीस आणि एवढ्याशा सुईला घाबरतेस, आणि हे फॉर्म वगैरे सगळं फॅड आहे. खरंच याचा उपयोग असतो का? खोटं लिहिलं म्हणून त्या डॉक्टरांकडे परत जायची लाज वाटते, दुसरीकडे जाऊ का? सासूबाईंची झोपेची गोळी अर्धी घेऊन गेले तर चालेल का? आणि धाकटा आठ वर्षांचा आहे, तो सगळं बघतोय, त्याच्या मनात हे बसायला नको."

ताई, आधी गोळीचं सांगते, कारण हे वाचून तुम्ही उद्या सकाळी काही करायच्या आत ते तुमच्यापर्यंत पोचायला हवं. सासूबाईंची गोळी घेऊ नका, अर्धी नाही आणि पावही नाही. ती त्यांचं वय, त्यांची बाकीची औषधं बघून कुणीतरी त्यांना लिहून दिलीय, तुम्हाला ती किती चढेल ते सांगता येत नाही, आणि समोरच्या डेंटिस्टला तर तुम्ही काही घेतलंय हेच माहीत नसणार. भीती कमी करायला कधी कधी औषध लागतं, मीसुद्धा देते, पण बीपी, शुगर, चालू औषधं सगळं विचारून आणि सोबत घरी नेणारं माणूस आहे ना ते बघून मगच. आणि ही रोज रात्रीची पेनकिलर दोन महिने चाललीय ती मला जास्त काळजीची वाटते, पोटाला आणि किडनीला दोन्हीला त्रास देते ती, आणि ठणका तेवढा दबतो, कीड आत चालूच राहते. गालाला सूज आली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास व्हायला लागला तर मग कुठलाही विचार न करता त्याच दिवशी जायचं, रात्र असली तर हॉस्पिटलमध्ये.

आता लाजेचं. तुम्ही खोटं लिहिलं असं मला वाटतच नाही हो. विद्यार्थ्याची आई शेजारून वाकून बघतेय म्हटल्यावर कुठली शिक्षिका 'अतिशय भीती वाटते'वर टिक करेल, गावात ती गोष्ट संध्याकाळपर्यंत शाळेच्या गेटवर पोचते. हा कागद चार माणसांत भरायला द्यायचाच नसतो. त्या क्लिनिकने फॉर्म ठेवलाय ही खरंच चांगली गोष्ट आहे, पुष्कळ ठिकाणी तेवढंही नसतं, पण तो कुठे द्यायचा आणि भरून आल्यावर त्याचं काय करायचं हे त्यांनी ठरवलेलं दिसत नाही. पाचही ठिकाणी 'अजिबात नाही' आणि आत येणाऱ्या बाईंचे हात गार, ओठ कोरडे, हे बघून डॉक्टरांनी सुई उचलायच्या आधी एकदा थांबून विचारायला हवं होतं. ते राहिलं. म्हणून ते वाईट डॉक्टर ठरत नाहीत, पण तुमच्याइतकंच त्यांचंही राहून गेलं एवढं लक्षात ठेवा, म्हणजे परत जाताना मान खाली घालून जायला नको.

आणि मिस्टरांना माझ्याकडून सांगा की बाळंतपणाची आणि याची तुलना होत नाही. वेदना सोसायची ताकद वेगळी आणि हे वेगळं. तिथे बाई ओरडू शकते, कुणाचा हात धरू शकते, नको म्हणू शकते. दाताच्या खुर्चीत आडवं पडलेलं, तोंड उघडं, बोलता येत नाही, समोरच्याच्या हातात काय आहे ते दिसत नाही आणि कधी संपणार ते माहीत नाही. त्यात तुम्हाला तर नवव्या वर्षी धरून ठेवलं होतं. तुमच्या अंगाने ते लक्षात ठेवलंय, सुई दिसल्यावर तुम्ही डॉक्टरांचा हात धरलात म्हणजे त्या वेळी जे करता आलं नव्हतं ते आत्ता केलंत, मला तरी ते असंच दिसतं.

बरं, मुख्य प्रश्न, फॉर्मचा उपयोग असतो का. असतो, आणि हे काही काल-परवाचं फॅड नाहीये. अमेरिकेतल्या नॉर्मन कोराह यांनी १९६९ साली चार प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, ती जगभर वापरली गेली. पण त्यात गंमत म्हणजे सुईचा प्रश्नच नव्हता, आणि सुईला तर पुष्कळ लोक घाबरतात. म्हणून ब्रिटनमधल्या जेरी हम्फ्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पाचवा प्रश्न घातला आणि उत्तरांचे पर्यायही सगळीकडे सारखे केले. तुम्हाला दिला तो फॉर्म बहुतेक हाच असणार. उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचंय म्हटलं तर कसं वाटेल, बाहेर नंबरची वाट बघत बसलात तर कसं वाटेल, आत दाताला मशीन लावणार असतील तर, दात साफ करणार असतील तर, आणि वरच्या मागच्या दाढेजवळ हिरडीत सुई देणार असतील तर. प्रत्येकाला एक ते पाच मार्क, म्हणजे कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त २५. १९ किंवा वर गेलं की भीती फार जास्त आहे असं धरतात, या माणसाला नेहमीसारखं खुर्चीत बसवून लगेच काम सुरू करायचं नाही. २००९ मध्ये इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये मोठ्या माणसांच्या दातांचा सरकारी सर्व्हे झाला त्यात हेच पाच प्रश्न विचारले होते आणि जवळपास १२ टक्के लोक १९ किंवा त्याच्या वर निघाले, म्हणजे दर आठ माणसांत एक. तुम्ही ज्या वेटिंग रूममध्ये बसला होतात तिथे आठ जण असतील तर हिशोब तुम्हीच करा, कदाचित ती वाकून बघणारी आईसुद्धा आपलीच उत्तरं शोधत असेल.

मी मात्र बेरीज नंतर बघते. आधी बघते टिक कुठल्या ओळीवर उजवीकडे सरकलीय. समजा दोघांची बेरीज १५ आलीय, एकाने पाचही ठिकाणी तीन-तीन दिलेत, दुसऱ्याने सुईला पाच, मशीनला चार आणि बाकी सगळीकडे दोन-दोन. आकडा एकच, पण पहिल्याला सगळ्याचीच थोडी धास्ती आहे, त्याच्याशी निवांत बोललं, काय करणार ते सांगितलं की बरंचसं निवतं. दुसऱ्याच्या बाबतीत सुईचं काम मनापासून करावं लागतं, आधी हिरडीवर बधिर करायचं जेल लावून दोन-तीन मिनिटं थांबायचं, ट्रे पेशंटच्या नजरेसमोर ठेवायचा नाही, औषध अगदी हळू सोडायचं. दुखतं ते बऱ्याचदा टोचण्यापेक्षा औषध भराभर आत ढकलल्याने, हे आम्हा लोकांना माहीत असतं आणि गर्दीच्या दिवशी आम्हीच विसरतो.

मला हा फॉर्म पटायला वेळ लागला हे खरं सांगते. सुरुवातीची बरीच वर्षं मला वाटायचं की चेहरा बघून कळतं. एसटीतले एक कंडक्टर यायचे, शांत माणूस, काही विचारलं की "करा मॅडम, काही नाही" एवढंच. तीन वेळा आले, तीनदा काम केलं, रूट कॅनल अर्धं झालं आणि मग आलेच नाहीत. तिसऱ्या वेळी ते गेल्यावर खुर्ची पुसायला घेतली तर उजव्या हाताच्या रेक्झिनवर नखांच्या चार खुणा, रेक्झिन फाटायचं तेवढं राहिलेलं, आणि खाली पडलेला रुमाल उचलला तर तो ओला होता, पिळला तर पाणी निघेल इतका. पाऊण तास तो माणूस माझ्यासमोर होता आणि मी त्यांच्या तोंडात बघत होते, हाताकडे एकदाही बघितलं नाही. वर्षभराने गावात भेटले, दाढ दुसरीकडे काढून टाकली म्हणाले, एकदाच काय ते संपवलं. वाचणारी दाढ होती ती. त्यानंतर मी फॉर्म सुरू केला.

काही डेंटिस्ट म्हणतात, अहो भीतीचं विचारलं की नसलेली भीती डोक्यात शिरते. हे तपासून बघितलेलं आहे, हम्फ्रिस यांनीच २००७ मध्ये त्यावर काम प्रसिद्ध केलं, असा फॉर्म भरल्याने भीती वाढलेली दिसली नाही. त्याच्याही आधी, २००२ मध्ये ब्रिटनमध्ये आणखी एक छान प्रयोग झाला होता. खूप भीती असलेल्या पेशंटकडून हाच फॉर्म भरून घेतला, निम्म्यांचा फॉर्म डॉक्टरांच्या हातात गेला, निम्म्यांचा रिसेप्शनवरच राहिला. ज्यांच्या डॉक्टरांना पेशंट किती घाबरलाय ते कळलं होतं, त्या पेशंटची घालमेल बाहेर पडताना जास्त कमी झाली होती. वेगळं औषध नाही, वेगळं मशीन नाही, फक्त डॉक्टरांना कळलं होतं आणि आपलं त्यांना कळलंय हे पेशंटला माहीत होतं. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. फाइलमध्ये लावून ठेवलेला, कुणी न वाचलेला फॉर्म म्हणजे नुसता कागद. हे वाचणाऱ्या माझ्या डेंटिस्ट मित्रमैत्रिणींना हात जोडून सांगते, भरून घेतलात तर वाचा, आणि वाचलात तर पेशंटला एक वाक्य बोला, "तुम्ही सुईपुढे पाच लिहिलंय, आधी त्यावर बोलू." पेशंटच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच निम्मा उतरतो.

अजून एक, तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात म्हणून तुम्हाला हे लगेच कळेल. मी सुरुवातीला एक भाषांतर केलेला फॉर्म वापरायचे, त्यात लिहिलेलं 'आपण किती चिंताग्रस्त असाल?' आणि सगळ्यांची उत्तरं 'अजिबात नाही'. मला कळेना. मग एका आजींनी सांगितलं, "चिंता कशाची बाई, नातवाच्या नोकरीची आहे, दाताची कसली चिंता." बरोबरच आहे की. चिंता पोरांच्या शिक्षणाची असते, कर्जाची असते, पाऊस लांबला की असते. खुर्चीत बसल्यावर जे होतं त्याला आपण भीती म्हणतो, धास्ती म्हणतो, धडधड होते, हातपाय गार पडतात. मी शब्द बदलला, 'किती भीती वाटेल' केलं, आणि खाली अजिबात नाही, थोडी, बऱ्यापैकी, खूप, अतिशय, असे पाच पर्याय. त्याच आजींनी सुईपुढे 'अतिशय'वर बोट ठेवलं. (शब्द बदलले की आकड्यांची तुलना तितकी नेमकी राहत नाही, त्यासाठी नीट तपासलेलं भाषांतरच लागतं, पण रोजच्या कामात मला माणूस कळला पाहिजे.)

आणि फॉर्ममध्ये जे विचारलेलंच नसतं ते वेगळंच. दात काढायची भीती त्या पाच प्रश्नांत नाही. वरची दाढ काढली की डोळे अधू होतात असं मानणारी माणसं माझ्याकडे अजून दर महिन्याला येतात, तसं काही होत नाही, पण ती भीती खरी असते. दात साफ केले की हलायला लागतात, ही दुसरी. खर्चाची भीती. तोंडात हात घातला की उलटी येईल याची भीती. आणि बायकांमध्ये तर मला फार दिसते ती ओरडा खायची भीती, "एवढे दिवस काय करत होता, काय अवस्था केलीय दातांची" हे ऐकावं लागेल म्हणून वर्षानुवर्षं येत नाहीत, मग दात अजून बिघडतात, मग अजून लाज, मग अजून लांबणीवर. म्हणून मी फॉर्मच्या खाली एक रिकामी ओळ ठेवते, 'अजून काही सांगायचंय?' आणि कितीतरी लोक पाच प्रश्नांपेक्षा त्या एका ओळीत जास्त लिहितात. एकीने फक्त एवढंच लिहिलं होतं, 'माझे हात धरू नका.'

तुम्ही पण ते लिहा ताई. दुसरीकडे जायची गरज नाही, याच डॉक्टरांकडे जा, त्यांना तुमच्याबद्दल आता निदान एक खरी गोष्ट माहीत आहे. फोन करा आणि त्या मुलीला सांगा, फॉर्म व्हॉट्सॲपवर पाठव, मी घरी भरते. रात्री जेवणं झाल्यावर एकटीने बसून भरा, मागे तीन-चार ओळी लिहा, नऊ वर्षांच्या वेळचं, सुई बघवत नाही ते, आणि त्या दिवशी शेजारी ओळखीच्या बाई होत्या म्हणून तसं लिहिलं तेही. सकाळची पहिली वेळ मागा, म्हणजे बाहेर बसून दुसऱ्यांच्या मशीनचा आवाज ऐकावा लागणार नाही. नाश्ता करून जा, उपाशी पोटी आणि भीती दोन्ही एकत्र आलं की चक्कर येते, चहाचे मात्र तीन कप नको. सुरू करायच्या आधी डॉक्टरांशी ठरवून घ्या, मी डावा हात वर केला की तुम्ही थांबायचं, आणि एकदा उगाचच हात वर करून बघा ते थांबतात का. थांबतात हे एकदा अनुभवलं की तोंड उघडं ठेवणं खूप सोपं जातं.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या म्हणजे दचकायला होणार नाही. भुलेच्या औषधात बहुतेक वेळा ॲड्रेनलिन असतं, त्याने सुईनंतर एक-दोन मिनिटं छाती धडधडू शकते, ती भीतीची लाट नसून औषधाची असते आणि आपोआप ओसरते. बीपी किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर मात्र आधी सांगायचं. दुसरं, रात्री ठणकणारी खालची दाढ म्हणजे कीड बहुतेक दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलीय, बघितल्याशिवाय मी नक्की सांगणार नाही, पण अशा पेटलेल्या दाढेला भूल लवकर चढत नाही, थोडी जास्त द्यावी लागते, खालचा ओठ अर्धा जड होईपर्यंत थांबावं लागतं. डॉक्टरांना म्हणा, आधी तपासून बघा बधिर झालंय का, मगच मशीन लावा. दुखलं तर हात वर.

एवढं करूनही पाय उचलत नसेल तर ते काही तुमचं नशीब नाही. काही क्लिनिकमध्ये नाकावर छोटा मास्क लावून लाफिंग गॅस देतात, माणूस जागा असतो पण सैल पडतो. आणि अशा भीतीवर मानसोपचारात कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी चांगली लागू पडते, टप्प्याटप्प्याने सवय करून घेतात.

धाकट्याचं थोडक्यात सांगते. त्याच्यासमोर "गप बस नाहीतर डॉक्टरकाका सुई देतील" हे वाक्य घरात कुणीच म्हणायचं नाही, आजीनेसुद्धा नाही. मुलांसाठी वेगळे फॉर्म असतात, एकात तर अक्षरच नसतं, खूप हसऱ्यापासून खूप रडक्यापर्यंत पाच चेहरे, पोराने फक्त बोट ठेवायचं. मोठ्यांनाही असंच दिलं असतं तर बरं झालं असतं असं मला कधी कधी वाटतं. त्याने तुम्हाला पळून आलेलं बघितलंय तर परत जाताना पण बघू दे, "मला भीती वाटते आणि मी डॉक्टरांना ते सांगणार आहे" असं त्याच्यासमोर मोठ्याने म्हणा.

आणि पहिल्या दिवशी काहीच करून घेऊ नका. फोनवरच सांगा की आज मी फक्त चपला न्यायला येतेय. फॉर्म हातात द्या, वाटलं तर खुर्चीत दोन मिनिटं बसा, तोंड बंद ठेवून, डॉक्टर काय म्हणतात ते ऐका, पुढची वेळ त्याच आठवड्यातली घ्या कारण दाढ थांबणार नाही, आणि चपला घालून घरी या.